एका मोटारगाडीचे अपयश

१९३३ साली अमेरिकेतील हमरस्त्यांवर एक डिसोटो मोटार उलटी धावताना लोकांनी पाहिली. टपाची मागची उतरती बाजू पुढे आणि बॉनेट, दिवे, रेडिएटर ही सारी मंडळी मागे, अशा थाटात ती गावामागून गाव ओलांडीत चालली होती. ती चालविणारा हॅरी हार्ट्झ हा नाणावलेला शर्यतपटू होता आणि गाडीने असे धावावे म्हणून तिच्यात मुद्दाम फेरफार केलेले होते. हा तमाशा क्रायस्लर कंपनीने पदरचे पैसे खर्चून मांडला होता. त्यातून लोकांच्या मनावर एकच गोष्ट ठसवायची होती : आजवर तुम्ही ज्या मोटारी घेत आलात त्या वाऱ्याच्या दृष्टीने उलट्या बांधलेल्या आहेत, पुढे जाण्यापेक्षा मागे जातानाच त्यांना वारा कमी अडवतो.

जाहिरातीचा भाग वजा केला तरी विधान खरे होते. त्या काळची मोटार म्हणजे घोडे सोडलेली बग्गीच. पुढे रेडिएटरची उभी भिंत, त्यामागे काचेची दुसरी उभी भिंत, बाजूंना सुटे मडगार्ड आणि त्यांच्यामध्ये डोळे वटारल्यासारखे दोन दिवे. या भिंतींवर वारा आदळे आणि इंजिनाच्या शक्तीचा मोठा हिस्सा त्याच्याशी झुंजण्यात खर्ची पडे. वेग बेताचा होता तोवर याचे कोणाला काही वाटले नाही. पण १९३० च्या सुमारास रस्ते सुधारले, मोटारी तासाला ६०-७० मैलांनी धावू लागल्या आणि वाऱ्याचा हिशेब चुकता करण्याची वेळ आली. तो हिशेब क्रायस्लरच्या यंत्रज्ञांनी मांडला, आणि बिनचूक मांडला. तरीही त्यातून जन्मलेली गाडी बाजारात आपटली. अमेरिकन मोटारधंद्याच्या इतिहासात आपटलेल्या गाड्यांना तोटा नाही. या गाडीचे वैशिष्ट्य असे की तिच्या अपयशाचा तिच्या मालकांनी जो अर्थ लावला, त्याची किंमत गाडीपेक्षा कितीतरी जास्त पडली.

वॉल्टर पर्सी क्रायस्लर हा माणूस आगगाडीच्या कारखान्यातून वर आलेला. १८७५ साली कॅन्सस संस्थानात जन्मलेल्या या गृहस्थाने इंजिने दुरुस्त करता करता कारखान्याची व्यवस्था पाहण्यापर्यंत मजल मारली. १९०८ साली शिकागोच्या प्रदर्शनात त्याने एक लोकोमोबाइल मोटार पाहिली. किंमत ५,००० डॉलर. जवळ त्याच्या निम्मीही शिल्लक नव्हती. त्याने कर्ज काढून ती घेतली, घरी आणली आणि चालविण्याऐवजी खिळा न् खिळा सुटा करून पुन्हा जोडली. आणि हे एकदा नव्हे तर अनेकदा. अशा माणसाने १९२५ साली स्वतःच्या नावाची कंपनी काढली तेव्हा तीत यंत्रज्ञाच्या शब्दाला वजन असणार हे उघड होते. फ्रेड झेडर, ओवेन स्केल्टन आणि कार्ल ब्रीअर हे तिघे तेथले कर्तेसवरते. १९२८ साली कंपनीने डॉज ही मातबर पेढी विकत घेतली, त्याच साली प्लिमथ व डिसोटो ही दोन नवी नावे बाजारात आणली, आणि थोड्याच वर्षांत हेन्री फोर्डला मागे सारून ती अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसली. पहिला क्रमांक अर्थातच जनरल मोटर्सचा होता.

वाऱ्याचे वेड या तिघांपैकी ब्रीअरला लागले. १९२७ साली एका संध्याकाळी मोटारीतून जाताना त्याला आकाशात हंसांचा थवा दिसला. जवळ येताच कळले की ती सैन्याची विमाने आहेत. विमानाला वाऱ्याची पर्वा करावी लागते, मग मोटारीला का नको, असा प्रश्न तेव्हा त्याच्या मनात आला, अशी कथा सांगतात. कथेची खातरी कोणी द्यावी? पुढचे काम मात्र पक्के होते. विमानाचा एक जनक ऑर्व्हिल राइट याचा सल्ला घेण्यात आला, कंपनीच्या हायलंड पार्क येथील आवारात वाऱ्याचा बोगदा बांधण्यात आला आणि त्यात लाकडी नमुन्यांमागून नमुने ठेवून पाहण्यात आले. नेहमीच्या मोटारीचा नमुना उलटा ठेवला तर वाऱ्याचा विरोध घटतो, हा शोध तिथलाच.

पण वारा ही केवळ सुरुवात ठरली. गाडीचा मागचा भाग निमुळता करायचा तर मागच्या बैठकीला जागा उरेना. म्हणून बैठक सुमारे २० इंच पुढे सरकवावी लागली. त्यासाठी इंजिन पुढे ढकलून पुढच्या आसावर आणावे लागले. आणि हे होताच एक अनपेक्षित लाभ हाती आला. जुन्या गाड्यांत मागचे उतारू नेमके मागच्या आसावर बसत; रस्त्यातला प्रत्येक खड्डा त्यांच्या पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचे. आता सर्व उतारू दोन आसांच्या मध्ये, पाळण्यात बसावे तसे बसू लागले. वजन पुढे गेल्यामुळे पुढचे पाटे लांब आणि मऊ करता आले. माणसाच्या चालण्याचा जो स्वाभाविक ठेका असतो त्याच्या जवळपास गाडीची वरखाली हालचाल आणली म्हणजे शरीराला ती जाचत नाही, हे ब्रीअरने अभ्यासाने ठरविले होते, आणि पाट्यांची आखणी त्या बेताने केली. गाडीची पेटी पोलादी सळ्यांच्या पिंजऱ्यासारखी बांधून सांगाड्याशी एकजीव केली. पुढच्या बाकावर तिघेजण ऐसपैस बसू शकत. आजची कोणतीही मोटार उघडून पाहिली तर यांतील बहुतेक गोष्टी तिच्यात सापडतील.

१९३२ साली पहिला चालता नमुना तयार झाला. गुप्तता राहावी म्हणून त्याची नोंदणी कंपनीच्या नावे न करता एका कारागिराच्या नावे करण्यात आली आणि चाचण्या मिशिगन संस्थानातील ग्रेलिंग गावाजवळच्या एका आडबाजूच्या शेतावर झाल्या. खुद्द वॉल्टर क्रायस्लर तिथे जाऊन गाडी चालवून आला आणि तिच्यावर लुब्ध झाला. घोटाळ्याचे मूळ त्याच्या या उत्साहातच आहे. पहिल्या क्रायस्लर मोटारीला १९३४ साली १० वर्षे पूर्ण होत होती. त्या मुहूर्तावर ही नवी गाडी बाजारात आलीच पाहिजे, असे त्याने ठरविले. यंत्रज्ञ तयार होते. कारखाना तयार नव्हता.

जानेवारी १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार-प्रदर्शनात ‘एअरफ्लो’ लोकांपुढे आली. क्रायस्लर आणि डिसोटो या दोन्ही नावांनी ती विकायची होती. डिसोटोची किंमत ९९५ डॉलर ठेवली होती, आणि त्या वर्षी डिसोटोने दुसरी कोणतीही गाडी काढली नव्हती. साऱ्या दाण्यांची पेरणी एकाच वाफ्यात! प्रदर्शनात गर्दी लोटली, हजारोंनी मागण्या नोंदवल्या गेल्या. त्यानंतर लोक वाट पाहत बसले. पिंजऱ्यासारखी पेटी जोडण्याची रीत कारखान्याला नवी होती. पत्रा दाबण्याचे साचे, जोडकामाची यंत्रे, सारेच नव्याने बसवावे लागत होते. महिन्यामागून महिने गेले. ज्या थोड्या गाड्या आधी बाहेर पडल्या त्यांत दोष राहून गेलेले होते. रिकाम्या दुकानात अफवा लवकर शिरते. ही गाडी म्हणे कमकुवत आहे, हिच्यात बसणे धोक्याचे आहे, असे लोक बोलू लागले. आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांच्या विक्रेत्यांनी त्या बोलण्याला विरजण लावण्याचे कष्ट घेतले नाहीत हे वेगळे सांगायला नको.

अफवेला उत्तर म्हणून कंपनीने पेनसिल्व्हेनियातील ११० फूट उंचीच्या कड्यावरून एक एअरफ्लो खाली लोटून दिली. गाडी कोलांट्या खात तळाशी गेली आणि नंतर आपल्या चाकांवर चालत निघून गेली. याचा चित्रपट काढून गावोगाव दाखवला. युटा संस्थानातील मिठाच्या मैदानावर या गाडीने वेगाचे डझनावारी विक्रम केले. लोकांनी चित्रपट पाहिला, विक्रमांच्या बातम्या वाचल्या, आणि गाडी दुसरीच घेतली. डिसोटो त्या वर्षी सुमारे १४ हजार खपल्या, मंदी ओसरू लागली असताना आदल्या वर्षापेक्षाही कितीतरी कमी. क्रायस्लर नावाच्या एअरफ्लो सुमारे ११ हजार गेल्या. आणि त्याच दुकानात शेजारी उभी असलेली जुन्या घाटाची सहा सिलिंडरची क्रायस्लर तिच्या दुपटीहून अधिक खपली. एकाच छपराखाली, एकाच विक्रेत्याकडून, गिऱ्हाईक जुनी गाडी निवडत होते.

का? अफवा आणि दिरंगाई ही कारणे खरी आहेत. पण खरे दुखणे चेहऱ्याचे होते. इंजिन पुढे सरकल्यामुळे बॉनेट आखूड झाले होते आणि वाऱ्याला वाट द्यावी म्हणून ते गोलाकार उतरते केले होते. रेडिएटरची जाळी धबधब्यासारखी कपाळावरून खाली ओघळत होती. दिवे पत्र्यात रुतलेले होते. त्या काळच्या अमेरिकन माणसाच्या मनात लांब बॉनेट म्हणजे मोठे इंजिन, आणि मोठे इंजिन म्हणजे मालकाची ऐपत, असे समीकरण पक्के बसलेले होते. ताठ मानेच्या घोड्याची सवय असलेल्याला मान खाली घातलेले जनावर आजारीच वाटते. ब्रीअर आणि त्याचा सहकारी ऑलिव्हर क्लार्क यांनी वाऱ्याला विचारले, पाट्यांना विचारले, पोलादाला विचारले. पाहणाऱ्याच्या डोळ्याला विचारायचे तेवढे राहिले.

शेजारीच जनरल मोटर्समध्ये हे विचारण्यासाठी एक स्वतंत्र खातेच होते. कंपनीचा सूत्रधार आल्फ्रेड स्लोन याने १९२७ साली हार्ली अर्ल या कॅलिफोर्नियातील तरुणाला बोलावून ‘कला आणि रंग विभाग’ त्याच्या स्वाधीन केला होता. अर्ल हॉलिवुडच्या नटनट्यांसाठी खास गाड्या बांधीत असे. मातीचे पूर्ण आकाराचे नमुने घडवायचे, चहूबाजूंनी न्याहाळायचे, आणि मगच यंत्रज्ञांना पत्रा कापू द्यायचा, ही त्याची पद्धत. गाडी दरवर्षी थोडी लांब आणि थोडी बुटकी दिसली पाहिजे, एवढाच त्याचा मंत्र होता. ‘थोडी’ हा शब्द महत्त्वाचा. स्लोन आणि अर्ल यांना गिऱ्हाइकाच्या नजरेचे एक मर्म उमगले होते : नव्याची ओढ तिला असते, पण तिला एका वर्षात एकच पायरी चढवता येते. यात वाऱ्याचे शास्त्र फारसे नव्हते, हे खरे. अर्लच्या गाड्या पुढे लांबत लांबत गलबतासारख्या झाल्या, हेही खरे. पण धंद्याचे शास्त्र त्यात होते.

एअरफ्लोची कल्पना मुळातच चुकीची नव्हती याचा पुरावा दोनच वर्षांत मिळाला. १९३६ साली फोर्डच्या लिंकन विभागाने ‘झेफर’ ही मोटार काढली. तीही वाऱ्याला वाट देणारी, तीही पिंजऱ्यासारख्या बांधणीची. पण तिचे नाक टोकदार आणि डौलदार होते. ती उत्तम खपली. त्याच साली जपानात टोयोडा कुटुंबाच्या कारखान्याने आपली पहिली प्रवासी मोटार बाजारात आणली, आणि तिचे तोंड पाहिले की डिसोटो एअरफ्लोची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अभ्यासासाठी तशी एक गाडी त्यांनी विकत घेऊन खोललीच होती. डेट्रॉइटने टाकून दिलेला धडा टोयोटाने उचलला, असे म्हणावे लागते. क्रायस्लरनेही १९३५ मध्ये एअरफ्लोला घाईघाईने टोकदार नाक बसवून पाहिले, पण एकदा फिरलेले मन परत वळले नाही. १९३७ साली गाडी बंद झाली. चार वर्षांत दोन्ही नावांच्या मिळून सुमारे ५५ हजार एअरफ्लो विकल्या गेल्या. स्वस्तातली प्लिमथ आणि मधल्या किंमतीची डॉज या दोघींना एअरफ्लोपासून दूर ठेवले होते, म्हणून कंपनी तगली. इतकेच नव्हे तर १९३४ साली ती नफ्यातही राहिली.

म्हणजे नुकसान सोसण्यासारखे होते. सोसण्यासारखा नव्हता तो त्यापासून काढलेला बोध. घाईने कारखाना उघडा पाडला आणि चेहरा लोकांना रुचला नाही, या दोन गोष्टी खुंटीला टांगून राहिल्या. कंपनीने बोध घेतला तो असा, की नवे रूप म्हणजेच धोका.

वॉल्टर क्रायस्लर १९४० साली वारला. त्याच्या आधीच, १९३५ पासून, अध्यक्षपदी के. टी. केलर बसला होता. केलरला कमी लेखण्याचे कारण नाही. यंत्रशाळेत हातात कानस धरून वर आलेला हा माणूस. युद्धकाळात अमेरिकन सैन्याला हजारोंनी रणगाडे पुरविणारा कारखाना त्याच्याच देखरेखीखाली उभा राहिला. त्याचे म्हणणे सरळ होते. मोटार ही बसण्याची वस्तू आहे. तिच्यात शिरताना माणसाला कमरेत वाकावे लागू नये, बैठक खुर्चीइतकी उंच असावी आणि डोक्यावरची हॅट काढावी लागू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानात त्याने हे मत जाहीरपणे मांडले, आणि १९४९ च्या क्रायस्लर, डॉज, प्लिमथ या मोटारी त्याच मापाने बेतलेल्या निघाल्या : उंच, चौकोनी, भक्कम, एखाद्या हिशेबनिसासारख्या.

या मोटारींचा महाराष्ट्राशीही संबंध आला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्स कंपनीने क्रायस्लरशी करार केला होता आणि मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ व डिसोटो ही नावे जुळणी होऊन बाहेर पडू लागली. जनरल मोटर्स १९२८ पासून शिवडीला जुळणी करीत होती. पण भारत सरकारने येथेच सुटे भाग बनविण्याचा आग्रह धरल्यावर १९५४ मध्ये तिने आणि फोर्डने गाशा गुंडाळला. कुर्ल्याची क्रायस्लर घराण्यातील मोटार मात्र राहिली. केलरच्या उंच टपाचे अमेरिकेत हसे होत होते. फेटा आणि पगडी डोक्यावर असलेल्या, खड्ड्यांच्या रस्त्यांवरून जाणाऱ्या देशात त्याच टपाबद्दल कोणी तक्रार केली असेल असे वाटत नाही. गाडीचा घाट चांगला की वाईट, हा प्रश्न असा देशावर आणि डोक्यावरच्या वस्त्रावरही अवलंबून असतो.

अमेरिकेत मात्र हॅट घालणाऱ्यांचे दिवस सरत आले होते. युद्धाहून परतलेल्या पिढीला विमानाची ओढ होती. हार्ली अर्लने १९४१ साली लॉकहीडचे दुहेरी शेपटीचे लढाऊ विमान पाहिले होते. १९४८ च्या कॅडिलॅक मोटारीला त्याने मागच्या बाजूस दोन लहानसे पंख दिले ते त्यावरूनच. पंख कसले, उंचवटेच ते. पण पुढच्या दहा वर्षांचे भविष्य त्यांत होते. फोर्डने १९४९ मध्ये नव्या, सपाट बाजूंच्या गाडीने कात टाकली. १९५० साली क्रायस्लरमध्ये शंभराहून अधिक दिवसांचा संप झाला, त्याचा फटका वेगळाच. थोड्याच अवधीत फोर्डने आपली दुसरी जागा परत मिळवली. १९५४ साली तर कडेलोट झाला : आदल्या वर्षी बाजारातील जो वाटा सुमारे २० टक्के होता, तो सुमारे १३ टक्क्यांवर आला. प्लिमथ ही कंपनीची पोटभरू गाडी. वर्षानुवर्षे तिसऱ्या क्रमांकावर असलेली ती पाचव्या क्रमांकावर गेली.

कंपनीने त्या वर्षी प्रुडेन्शिअल या विमा कंपनीकडून २५ कोटी डॉलर कर्ज काढले आणि आपला घाट एका माणसाच्या हाती सोपविला. व्हर्जिल एक्सनर हा डिझायनर १९४९ सालीच स्टुडबेकरकडून क्रायस्लरमध्ये आला होता. पण बरीच वर्षे त्याला प्रदर्शनी नमुने करण्यापलीकडे काम नव्हते. इटलीतील तुरीन शहरी घिआ या कारागिरांच्या पेढीकडून त्याने ते देखणे नमुने बांधून घेतले. आता खऱ्या गाड्या त्याच्याकडे आल्या. १९५५ च्या मोटारींनी बाजी सावरली आणि १९५७ च्या मोटारींनी सर्वांना चकित केले. प्लिमथ एका फटक्यात पाचएक इंच बुटकी झाली. खांब बारीक, काचा मोठ्या, आणि मागे बाणाच्या पिसांसारखे उंच, तिरके पंख. ‘एकाएकी १९६० उजाडले’, अशी तिची जाहिरात होती. चालण्यातही ती सरस होती. पुढच्या चाकांना पाटे वा स्प्रिंगांऐवजी पीळ खाऊन झटका सोसणारे पोलादी दांडे होते, त्यांच्या जोरावर ती वळणावर इतर अमेरिकन गाड्यांसारखी कलत नसे.

जनरल मोटर्सच्या एका तरुण डिझायनराने, चक जॉर्डन याने, १९५६ च्या ऑगस्टमध्ये क्रायस्लरच्या आवाराच्या कुंपणातून या गाड्या रांगेने उभ्या असलेल्या पाहिल्या आणि धावत परत जाऊन सहकाऱ्यांना सांगितले. अर्ल तेव्हा परदेशी होता. त्याच्या पश्चात १९५९ साठी तयार केलेले सर्व नमुने बाजूला सारून नवे सुरू करण्यात आले. १९५९ च्या कॅडिलॅकचे ते गगनाला भिडलेले पंख त्या धावपळीतले. तीस वर्षे पुढे असलेल्याने पहिल्यांदाच दुसऱ्याच्या कुंपणातून डोकावून पाहिले होते.

यात एक गंमत आहे. पंख केवळ शोभेचे आहेत, या टीकेला एक्सनरने उत्तर दिले ते वाऱ्याच्या बोगद्याचे. पंखांमुळे वेगात गाडी स्थिर राहते, असे मोजमापांनी सिद्ध झाल्याचे कंपनी सांगू लागली. रस्त्यावरच्या नेहमीच्या वेगात त्याचा उपयोग कितपत, हा प्रश्नच आहे. ज्या घराने १९३४ साली वाऱ्यासाठी रूपाचा बळी दिला होता, तेच घर आता रूपाच्या समर्थनासाठी वाऱ्याची साक्ष काढीत होते.

आणि १९३४ ची जी खरी चूक, ती जशीच्या तशी परत घडली. इतक्या मोठ्या बदलाला कारखान्याला जेवढा वेळ हवा तेवढा मिळाला नाही. मागणी प्रचंड, म्हणून पाळ्या वाढविल्या. गाड्या दुकानातून दिमाखाने निघाल्या आणि पहिल्या पावसातच गळू लागल्या. पत्र्याच्या सांध्यांत पाणी साचून एक-दोन हिवाळ्यांत गंज चढू लागला. रंग उडू लागला. पीळ खाणारे दांडे क्वचित पीळ सहन न होऊन तुटत. एअरफ्लोच्या वेळी लोकांनी रूप पाहून पाठ फिरवली होती. या वेळी रूपावर भाळून पैसे मोजले आणि मग पश्चात्ताप केला. दुसऱ्या प्रकारचे गिऱ्हाईक परत आणणे अधिक कठीण असते. पहिल्याने गाडी घेतलेलीच नसते. दुसरा आपला अनुभव शेजाऱ्यांना सांगत सुटतो. १९५७ मध्ये प्लिमथने तिसरी जागा परत मिळवली खरी. पण १९५८ च्या मंदीत सारेच घसरले तेव्हा क्रायस्लर सर्वांत वेगाने घसरली, आणि मंदी सरल्यावर तिला पूर्वपदावर यायला फार कष्ट पडले.

यानंतरचा प्रसंग नाटकात घातला तर प्रेक्षक विश्वास ठेवणार नाहीत. १९६० च्या आसपास क्रायस्लरचा एक वरिष्ठ अधिकारी, विल्यम न्यूबर्ग, एका उद्यानमेजवानीला गेला असता, शेव्हरोलेची मोठी गाडी पुढच्या खेपेला लहान होणार असे बोलणे त्याच्या कानांवर पडले, असे सांगतात. त्यावरून १९६२ च्या प्लिमथ आणि डॉज आखूड करण्याचा हुकूम सुटला. एक्सनरने विरोध केला. मोठ्या गाडीसाठी आखलेल्या रेषा लहान गाडीवर बसवल्यावर त्या पिसे उपटलेल्या कोंबडीसारख्या दिसतील, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. कोणी ऐकले नाही. १९६२ ची मोठी शेव्हरोले पूर्वीइतकीच मोठी निघाली. बातमी होती ती तिच्यासोबत आणलेल्या एका वेगळ्या, लहान गाडीची! क्रायस्लरचा बाजारातील वाटा १० टक्क्यांच्या आसपास येऊन ठेपला.

न्यूबर्ग हा एप्रिल १९६० मध्ये अध्यक्ष झाला होता. कंपनीला माल पुरविणाऱ्या पेढ्यांत त्याचे स्वतःचे हितसंबंध असल्याचे उघडकीस आल्यामुळे दोन महिने उलटतात न उलटतात तोच त्याला जावे लागले. एक्सनरही वाचला नाही. ज्या निर्णयाला त्याने विरोध केला होता त्याच निर्णयाच्या खापराखाली १९६१ च्या अखेरीस त्याच्या जागी फोर्डहून एलवुड एंगल याला आणण्यात आले. सर्वांत आधी बळी गेली ती डिसोटो. एअरफ्लोवर आपले सारे नशीब लावलेले हे नाव ३० नोव्हेंबर १९६० रोजी अमेरिकेत पुसले गेले.

एअरफ्लो हे नाव मात्र कंपनीच्या स्मरणातून गेले नाही. २०२२ च्या जानेवारीत क्रायस्लरने विजेवर चालणारी एक नमुना-गाडी लोकांपुढे मांडली तिला हेच नाव दिले होते. विजेच्या गाडीला वाऱ्याचा हिशेब चुकवून चालत नाही. प्रत्येक मैलामागे तो बॅटरीतून वसूल होतो.

१९६१ च्या जुलैत कंपनीची सूत्रे लिन टाउनसेंड या हिशेबतपासणीच्या क्षेत्रातून आलेल्या माणसाकडे गेली. त्याने पंखांवर किंवा हॅटांवर मत दिले नाही. १९६३ च्या मोटारींबरोबर त्याने गिऱ्हाइकाच्या हातात एक कागद ठेवला : ५ वर्षे अथवा ५० हजार मैल, यांपैकी जे आधी पुरे होईल तोवर इंजिन, गियरपेटी आणि मागचा आस यांची हमी कंपनीची. इतकी दीर्घ हमी तोवर डेट्रॉइटमध्ये कोणी दिली नव्हती, आणि खप वाढू लागला. पत्र्याला गंज चढण्याचा उल्लेख त्या हमीत नव्हता.